डाव्या कुशीवर

एकतीस वर्षं माझा डावा हात
गाईंच्या आत होता, खांद्यापर्यंत.
लाडखेड, बोरी, तळेगाव.
कुठं लोखंडी खोडा, कुठं चिंचेला बांधलेली,
मालक शेपूट धरायचा
आणि मी लांब मोज्याला साबण फासून
डोळे मिटून पाहायचो.
आत बोटांनाच दिसतं.
अडीच महिन्यांची गाभण असली
की हाताला संत्रं लागायचं.
'थांब वं माय, झालंच,' म्हणायचो.
ती थांबायची. जाणार कुठं?

आता रात्री पाचदा उठतो.
बायको अंधारात हिशेब ठेवते:
'हे चवथ्यांदा होय नं?'
मोरीपाशी उभा राहतो तर धार नाही,
ठिबकच्या नळीत गाळ बसावा तसे थेंब.
कुत्रं एक डोळा उघडून बघतं
आणि माझ्या आधी झोपतं.

पैकुजी नेवारे म्हणाला, 'नोको जाऊ.
बोट घालते म्हन्ते थे लोक.'
तो गेला नाही. आखाजीच्या रात्री त्याची लघवी तुंबली,
जीपमध्ये यवतमाळपर्यंत बोंबलत गेला.
आता लग्नाकार्यात येतो
धोतराआड पिशवी लपवून,
आणि पंगतीत सगळ्यांना ती दिसते.

दारव्ह्याच्या दवाखान्यात रक्त आधीच घेतलं.
डॉक्टरीण निघाली मनसाराम भोयरची नात.
तिच्या आजोबाची कपिला माझ्याच हाताखालची,
पण ते सांगायची ही वेळ नव्हती.
ती म्हणाली, 'काका, आत बोट घालून ग्रंथी तपासावी लागेल.
मी तपासली तर चालेल?
नसेल तर गुरुवारी सर येतात.'

मी लगेच बोललो नाही.
एकतीस वर्षांत
एकाही गाईला मी हे विचारलं नव्हतं.

'चालते,' म्हणालो.

पडदा ओढला. सिस्टर आत उभी राहिली, भिंतीकडे बघत.
पायजमा गुडघ्याखाली.
डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी,
आईच्या पोटात असेन तसा, फक्त सदुसष्ट वर्षांचा.
मान वळवून मोजा पाहिला:
मनगटापर्यंत. एवढासाच!
हसू आलं, आणि तेवढ्यात जेली लागली.
थंड.
गाय आधी का दचकते
हे मला निवृत्तीनंतर नवव्या वर्षी कळलं.

'श्वास सोडा, काका. अंग सैल सोडा.'
दुखलं का? नाही.
पण नको-नको झालं,
आता इथंच लघवी होते की काय वाटलं,
झाली नाही.
बोट डावीकडे गेलं, मग उजवीकडे,
मधल्या खाचेवर क्षणभर थांबलं.
तिचं काय चाललंय ते मला इतकं कळत होतं
की मी परत मान वळवली.
तिचे डोळे मिटलेले होते.

'थांब वं माय, झालंच,' कुणीतरी म्हणालं.
मीच.
तिला वाटलं तिलाच म्हणतोय.
'झालं, झालं काका.'
पंधरा अंक मोजून झाले असते, एवढंच.

कागद दिला पुसायला.
मोजा उलटा करून काढला, आतली बाजू बाहेर,
मी काढायचो तसाच.
'अक्रोडाएवढी असते ही ग्रंथी,' ती म्हणाली.
मी अक्रोड कधी हातात धरला नाही, म्हटलं.
ती थोडी अडली. 'बरं, आवळा समजा.
तुमची लिंबाच्या वर गेली, संत्र्याच्या खाली आहे.
गुळगुळीत आहे, गाठ लागली नाही.
रात्रीची एक गोळी. रक्ताचा रिपोर्ट मंगळवारी,
तो बघितल्याशिवाय मी काही पक्कं बोलणार नाही.'
मी पण नव्हतो बोलत, दोन महिन्यांच्या आत.

घरी बायकोनं विचारलं, 'काय केलं तिनं?'
'गाभण नाही म्हनली.'
तिनं पदर तोंडाला लावला,
मग हसायची थांबली, आणि मंगळवार कधी ते विचारलं.

संध्याकाळी राऊताच्या गोठ्यावरून गेलो.
त्यांची म्हातारी जर्सी मला पाहून
नेहमीसारखी दोन पावलं मागं सरकली.
सरक, म्हटलं.
बराबर हाय तुह्यं.